मदत हवी आहे: पापणी फडफडणे, कोरडे डोळे आणि स्क्रीनची सेटिंग

दिवसभर कॉम्प्युटरवर काम, उजव्या डोळ्याची खालची पापणी अधूनमधून लवते. झोप कमी, चहा-कॉफी जास्त आणि डोळे कोरडे ही नेहमीची कारणं. त्यामुळे दुपारनंतरचा चहा बंद केलाय. डोळा पूर्ण मिटणं, गालही ओढला जाणं, वरची पापणी खाली येणं यातलं काहीच नाही. असतं तर इथे न विचारता थेट डॉक्टरच गाठायला हवेत.

नाइट लाइट (स्क्रीनचा निळा प्रकाश कमी करून ती पिवळसर करणारी सेटिंग) संध्याकाळनंतर चालू असतो, पण तो झोपेसाठी. डोळ्यांवरचा ताण त्याने कमी होईल असं मला वाटत नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अर्धवट मिटतात, अश्रूंचा थर मध्येच तुटतो, खरी गोम तिथे आहे. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघणं आणि मुद्दाम पूर्ण पापणी मिटणं सुरू आहे.

अडलंय ते इथे: प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) स्क्रीनवरचं वाचायला हनुवटी वर करावी लागते, मान दुखते आणि डोळे आणखी कोरडे पडतात. अंतर ६० सेंमी आहे. असा चष्मा वापरणाऱ्यांनी मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली किती ठेवली? की कॉम्प्युटरपुरता वेगळा नंबर करून घेतला?

दुसरं, ब्राइटनेस कमी केला की मोबाइलच्या कॅमेऱ्यात मॉनिटरवर काळे पट्टे सरकताना दिसतात, म्हणजे स्क्रीनचा प्रकाश वेगाने लुकलुकत असावा आणि त्यानेही डोळे थकत असतील असं वाटतं. ब्राइटनेस वाढवून कॉन्ट्रास्ट उतरवल्याने कुणाला फरक पडला का?