डेटा उघडा आहे, मग सापडत का नाही?

कातळसडा
काल 'खुंटमोजणी' यांनी लिहिलं: "इस्रोचं नकाशांचं भुवन आहे, पाण्याच्या माहितीचं इंडिया-डब्ल्यूआरआयएस आहे, सरकारचं खुल्या डेटाचं पोर्टल आहे, सगळं फुकट. तरी पर्यावरणवाल्यांची रड संपत नाही. शोधायचे कष्ट नकोत, एवढंच." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाण येणार होती. हरकत घ्यायला जेमतेम महिना. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. त्यात आमचं गाव येतं का, आणि खाणीपासून ओढा किती लांब, एवढंच दाखवायचं होतं. ओढ्यांचा थर, म्हणजे नकाशावर चढवायची फक्त ओढ्यांची फाइल, मिळाला. फाइलचं नाव 'ड्रेनेज फायनल न्यू २'. कोणी केला, कधी केला, कुठल्या नकाशावरून उचलला, काही नाही. तसाच उपग्रहाच्या चित्रावर टाकला, छापला आणि सुनावणीला नेला. समोरच्या सल्लागाराने सगळ्यांदेखत विचारलं, "हा ओढा आंब्याच्या बागेतून कसा काय वाहतो?" थर सव्वाशे-दीडशे मीटर सरकलेला होता. ज्यांची बाग, ते काका शेजारीच बसले होते. त्यांनी पुढे तोंड उघडलं नाही.

त्या फाइलला चार ओळींचा मेटाडेटा, म्हणजे डेटाबद्दलची ही माहिती, असता, तर आमची हरकत टिकली असती.

खुंटमोजणी
यात डेटाचा काय दोष? जुना टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा नकाशा, एव्हरेस्ट या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर), उपग्रहाचं चित्र डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर. आपल्याकडे फरक पडतो तो तेवढाच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकवताना पहिल्या आठवड्यात सांगतात. २००५ चं नकाशा धोरण येण्याआधी किनारपट्टीचा टोपोशीट मिळवून बघायला हवा होता तुम्ही! अर्ज, शिफारसपत्र आणि वाट बघणं. नकाशांच्या डेटासाठीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दारं उघडली, तर आता वर्णनही हवं. एका कंत्राटात मी सहा महिने आयएसओ १९११५ या मेटाडेटाच्या मानकाच्या नोंदी भरल्या आहेत. रकान्यांना अंत नाही. ज्यांनी भरून घेतल्या त्यांनी एकही नोंद कधी उघडली नाही.

आडाचं पाणी
सर, कोणी उघडली नाही म्हणून नोंद निरुपयोगी ठरत नाही. मी भूजलाच्या आकड्यांवर काम करते. एका विहिरीची पातळी चांगल्या पावसाच्या वर्षीही पाऊण मीटरने उतरलेली दिसत होती. एसटीने दोन दिवस घालवून विहिरीवर गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, लेकरू पडलं तेव्हापासून कठडा वाढवला. टेप कठड्यावरून सोडतात, त्यामुळे पाणी खाली गेल्यासारखं दिसतं. मोजबिंदू जमिनीपासून किती उंच, हा एक रकाना भरलेला असता तर मला जावं लागलं नसतं.

निवृत्त गुरुजी
मुळात शोधायचं कशाने, ते सांगा. आमचं वडगाव. एका यादीत इंग्रजी स्पेलिंग 'व्ही'ने सुरू होतं, दुसरीत 'डब्ल्यू'ने. देवनागरीत टाकलं की शून्य निकाल. आपल्याच राज्यातलं आपलं गाव आपल्या भाषेत सापडू नये?

खुंटमोजणी
गुरुजी, नावाने शोधतातच कशाला? गावाचा कोड वापरा.

निवृत्त गुरुजी
२००१ च्या जनगणनेतला की २०११ च्या? दोन्ही वेगळे आहेत. आणि जव्हारच्या माणसाने काय करायचं? पालघर जिल्हा २०१४ ला झाला, २०११ च्या तक्त्यांत जव्हार ठाण्यातच आहे. पोरं 'पालघर' टाकतात आणि 'काही नाही' म्हणून बंद करतात. असल्या पोरांना आळशी म्हणू नका. मी छत्तीस वर्षं शिकवलंय.

रानभाजी
वाड्यांचं तर नावच काढू नका. आमची ठाकूरवाडी कुठल्याच यादीत नाही, महसुली गाव दुसरंच. दरड आमच्या डोक्यावर, नकाशात मात्र खालच्या गावाचं नाव.

लायडनकर
इकडे युरोपात नकाशांच्या डेटाबद्दलच्या २००७ च्या इन्स्पायर निर्देशापासून मेटाडेटा कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडेही तसा कायदा...

रानभाजी
दादा, तिथलं तिथे. आमच्या वाडीला आधी नाव मिळू द्या.

खुंटमोजणी
विषय गावांच्या नावांचा नव्हता! लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचं बघा. २००८ पासून फुकट, प्रत्येक चित्रासोबत तारीख आणि ढगांचं प्रमाण. ती नोंद यंत्र करतं, म्हणून ती चालते. माणसाकडून भरून घ्याल तर कचराच येईल. हे मी बघितलंय, तुम्ही पुस्तकी बोलताय.

आडाचं पाणी
पुस्तकी? मी विहिरीवर उभी होते. कठडा वाढवला हे कुठलं यंत्र सांगणार? आणि वनाच्छादनाचं काय? भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचं छत्र दहा टक्के किंवा जास्त, ती सगळी धरतं, मालकी कोणाचीही असो. म्हणजे काजू-आंब्याच्या बागाही आल्या. ही व्याख्या थरासोबत नसेल, तर जंगल तोडून बाग लावली तरी वाचणाऱ्याला हिरवं ते हिरवंच दिसणार. व्याख्या माणूसच लिहितो, सर.

खुंटमोजणी
वनाच्छादनाचं मान्य. त्यावर मी स्वतः एका अहवालात फसलो होतो. पण शंभर रकाने नकोत. कोणी, कधी, कशावरून, कुठल्या डेटमवर आणि व्याख्या काय, एवढे पाच पुरेत.

निवृत्त गुरुजी
सहावा, गावाचं नाव मराठीत.

खुंटमोजणी
बरं, सहा. कातळसडा, तुमची ती ओढ्यांची फाइल पाठवा. जागेवर बसवून देतो. वर्षाची नोंद मात्र तुम्ही करा.

कातळसडा
पाठवतो, आभारी आहे. पण वर्ष कुठलं लिहू? ओढा आता वरच्या अंगाला बुजवलाय. थर त्याच्या आधीचा की नंतरचा, तेच तर कळत नाही.