मदत हवी आहे: एव्हान्स गँबिटला काळ्याने उत्तर काय द्यावं?

नमस्कार मंडळी, क्लबातले एक काका पांढरी घेतली की हमखास एव्हान्स गँबिट (हल्ल्यासाठी प्यादं बळी देणारी सुरुवात) लावतात. इटालियन ओपनिंगमध्ये चौथ्या चालीला प्यादं बी४ वर, मी ते उंटाने घेतो, मग ते सी३ करून उंटावर मारा करतात. आता उंट न्यायचा कुठे?

ई७ वर नेऊन, डी४ नंतर घोडा ए५ वर, ही आनंदची पद्धत. पण रिगा १९९५ मध्ये त्याच्याविरुद्ध कास्पारोवने उंट ई२ वर घेतला, वजिराने डी४ वर मारलं आणि २५ चालींत डाव संपवला. तिथे सातव्या चालीला साधं डी६ टिकतं का?

लास्करचा बचाव मला जास्त पटतो: उंट ए५, मग डी६, उंट बी६. पांढऱ्याने आधी कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) केलं तर प्यादं परत देऊन वजिरावजिरी होते, हल्ल्यातली हवाच जाते. खरी अडचण वेगळी आहे. काका कॅसलिंगच्या आधी डी४ खेळतात, आणि माझ्या डी६ वर वजीर बी३! एफ७ वर दुहेरी मारा. वजीर डी७ वर आणून पुढची योजना काय ठेवावी? जिंकलेलं प्यादं धरून बसावं की सोडावं? कुणी हे नियमित खेळत असेल तर चाली सांगाल का?