पेरलेली रानफुलं दिसत नाहीत, तणच माजलंय. नांगरू की थांबू?

नमस्कार मंडळी,

एका सौर प्रकल्पाच्या आवारातल्या लागवडीचं काम माझ्याकडे आहे. पॅनेलच्या रांगांमधली चार एकर जागा आणि आत येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा, एवढ्या भागात स्थानिक रानफुलं आणि गवतांचं मिश्र बी पेरलं. मधमाश्यांना, फुलपाखरांना एक बहर सरला की दुसरा मिळावा, हा हेतू. पेरून चौदा महिने झाले. आज कमरेएवढं तण उभं आहे आणि फुलं शोधावी लागतात.

व्यवस्थापक म्हणतात, "फसलं हे. नांगरून कॉसमॉस टाका, दोन महिन्यांत रंग दिसेल." पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा आहे. कॉसमॉस मूळचं मेक्सिकोचं. रंग येईल, मधमाश्याही बसतील, पण ज्या सुरवंटांना ठरावीक झाडाचाच पाला लागतो त्यांनी खायचं काय?

मला नांगरणी पटत नाही, त्याला कारण परवाचं एक रोप. तण बाजूला सारून गुडघ्यावर बसले होते. वर जेमतेम तीन पानं, बोटाच्या पेराएवढी. खुरप्याने माती सैल करून उचललं, तर मूळ माझ्या वितीपेक्षा लांब, आणि टोक तुटून आत राहिलं ते वेगळंच. शिवाय केबलच्या चराजवळ जी उघडी माती राहिली आहे, तिथे पेन्सिल जाईल एवढी छिद्रं आहेत, प्रत्येकाभोवती भुसभुशीत मातीचा छोटा कठडा. मागच्या पायांना पिवळा पराग माखलेली, जमिनीत घर करणारी एक मधमाशी माझ्यासमोर आत शिरली. त्या तुकड्याला मी खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे.

आमच्याकडून चुका झाल्या. तण एकदाच उगवू देऊन मारलं आणि लगेच पेरलं. ठेकेदाराने न विचारता युरिया टाकला, त्यावर तणच पोसलं. रस्त्याच्या कडेला यंत्राने बी बोटभर खोल गेलं.

पेरणी खरंच फसली की नाही, हे कसं ठरवायचं? आणि आत्ता कापणी केली तर रोपं मरतील का?

रानवाट: ताई, नांगरू नका! नांगरलंत तर जमिनीत निजलेलं तणाचं बी वर येईल आणि परत पहिल्यापासून सुरुवात. फूटभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट करा, डोळे झाकून टाका, आतली पेरलेल्या जातींची रोपं मोजा. असं तीसेक ठिकाणी. सरासरी चौकटीला एक रोप निघालं तरी आम्ही पेरणी जमली असं धरतो. बहुवर्षायू झाडं पहिलं वर्ष मुळांवरच घालवतात, फुलं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. कापणी जरूर करा, पण पातं सहा-आठ इंचांवर ठेवा. तुमची रोपं त्याच्या खालीच आहेत. तणाला बी धरण्याआधी कापा आणि कापलेलं जाड थरात पडू देऊ नका, खालची रोपं गुदमरतात.

कडेकडेने: मी रस्त्यांच्या देखभालीत आहे. डांबरालगतची पट्टी आणि वळणं आखूडच ठेवा, वाहनचालकाला पलीकडचं दिसलं पाहिजे. फुलं त्यामागे. पुढे झाडं स्थिरावली की सगळं एकदम कापू नका, दरवर्षी एक तृतीयांश. पोकळ काड्यांतही मधमाश्यांची घरं असतात. आणि घाणेरी (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप) दिसली तर तिच्यावर फुलपाखरं बसतात म्हणून दया दाखवू नका, मुळासकट काढा.

मातीमाय: व्यवस्थापकांना हे सांगा. आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी अमेरिकेत मिनेसोटामध्ये जुन्या शेतजमिनीवरचे दोन सौर प्रकल्प २०१८ ते २०२२ अशी पाच वर्षं पाहिले. स्थानिक गवतं-फुलं लावल्यावर एकूण कीटक तिप्पट झाले, स्थानिक मधमाश्या सुमारे २० पट. पण त्याला पाच वर्षं दिली होती, चौदा महिने नाही.

धागाकर्ती: सर्वांचे मनापासून आभार. काल ३० चौकटी टाकल्या. पॅनेलमधल्या २० चौकटींत ३१ रोपं निघाली! मोजताना हात थरथरत होते. कापणी आठ इंचांवर ठरली आहे, व्यवस्थापकांनी आणखी एक वर्ष दिलं. रस्त्याकडेच्या १० चौकटींत मात्र फक्त दोन. तिथे पुन्हा पेरावंच लागणार. या वेळी बारीक बी वाळूत मिसळून हाताने वरच फेकायचं आणि रूळ फिरवून दाबायचं असं मनात आहे. त्याआधी तण किती वेळा उगवू देऊन मारावं? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.