सोनोग्राफीत गर्भाशय लहान आले आहे आणि पोटाच्याही तक्रारी आहेत. आयुर्वेदिक औषध सुरू करावे का?

अबोली:
माझी धाकटी बहीण 19 वर्षांची आहे. तिची पाळी सोळाव्या वर्षी सुरू झाली आणि तेव्हापासून तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही जेमतेम दीड दिवस येते. गेल्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाची लांबी 4.6 सेंटिमीटर भरली आणि खाली गर्भाशयाची वाढ पुरेशी झालेली नसल्याचा शेरा आहे. तिचे पोट लहानपणापासून फुगते. कधी चार दिवस शौचाला होत नाही, तर कधी दिवसातून तीनदा पातळ होते. हिमोग्लोबिन 8.4 आहे आणि सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते हललेले नाही. ओळखीच्या एकांनी गर्भाशय वाढवणारा तीन महिन्यांचा कोर्स आणून दिला आहे. साध्या कागदाच्या पुड्या आहेत, त्यांवर घटक लिहिलेले नाहीत. आईला तिच्या लग्नाची काळजी लागून राहिली आहे, त्यामुळे ती आजच पुड्या सुरू करा म्हणते. आयुर्वेदिक औषधाने गर्भाशय खरोखर वाढते का, आणि आधी पोटाकडे पाहावे की पाळीकडे?

वैद्य कृष्णाकाठ:
अबोलीताई, सर्वप्रथम त्या पुड्या देऊ नका. 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहरात, भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले होते. शिशाने पोटात कळा येतात, मलावरोध होतो आणि रक्तही कमी होते, म्हणजे तुमच्या बहिणीच्या आहेत त्याच तक्रारींत भर पडेल.

आता मूळ प्रश्न. मूल न झालेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय साधारण 6 ते 8 सेंटिमीटर लांब असते आणि ते वाढते बीजांडकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे. त्यामुळे लहान गर्भाशय हे बहुतेक वेळा स्वतंत्र दुखणे नसून इस्ट्रोजेन कमी पडल्याची खूण असते, आणि ते का कमी पडले हे कळल्याशिवाय मी एकही काढा लिहून देणार नाही. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड या संप्रेरकांची आणि गरज पडल्यास गुणसूत्रांची चाचणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. दोष बीजांडकोशातच निघाला, तर इस्ट्रोजेन कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि त्याने गर्भाशयाची वाढ होऊ शकते; असे काम शतावरी करते असे मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही. चरकाचार्यांनीही बीजदोषामुळे, म्हणजे मुळातल्या जन्मजात दोषामुळे, गर्भाशय बिघडलेली षण्ढी योनी ही अवस्था असाध्यच मानली आहे. जे ग्रंथकर्त्याने कबूल केले, ते आपण पुड्या बांधून लपवू नये असे मला मनापासून वाटते.

आयुर्वेदाचा उपयोग मला पोटाच्या बाजूने अधिक दिसतो. आमच्या शास्त्रात आर्तव, म्हणजे पाळीचे रक्त, हा रसधातूचा उपधातू, म्हणजे त्यापासूनच बनणारा घटक आहे आणि रस अन्नातून तयार होतो. अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असेल तर पोषण पुढे पोहोचत नाही, आणि मल व आर्तव या दोन्हींना बाहेर टाकण्याचे काम ओटीपोटातला अपान वायूच करतो. म्हणून आधी दीपन-पाचन (भूक व पचन सुधारणे), मग अनुलोमन (वायू व मल खाली सरकवणे) आणि शेवटी बृंहण (शरीराचे पोषण) असा क्रम असतो. पुष्कळदा पहिल्याच दिवशी दुधातून शतावरी आणि फलघृत हे औषधी तूप सुरू केले जाते. दोन्ही पचायला जड असल्याने फुगलेले पोट आणखी फुगते. तूर्त गरम, ताजे, वेळेवर जेवण, जिरे-सुंठ घातलेले पातळ ताक आणि रात्रीचे लवकर जेवण एवढेच करा.

जोंधळा:
वैद्यबुवांच्या म्हणण्याला एक जोड देते. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, पोट फुगते, पाळी उशिरा आली: हे तिन्ही माझ्या बाबतीत होते. बाविसाव्या वर्षी सीलिअॅक निघाला, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते आणि अन्न अंगी लागत नाही. हा आजार उत्तर भारतात अधिक आढळतो, त्यामुळे आपल्याकडे तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्यावर चार वर्षे पित्ताचे औषध चालू होते. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करा, मात्र तोवर पोळी बंद करू नका, कारण गहू सोडल्यावर चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. मी भाकरीवर आले आणि वर्षभरात पाळी नियमित झाली. सर्वांचे असेच होईल असे मी म्हणत नाही, पण विचारण्यासारखे नक्की आहे.

आणखी एक गोष्ट: सीलिअॅक निघाला तर हिंगाकडेही लक्ष द्या. बाजारातल्या पुष्कळ हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पोट फुगते म्हणून मी रोज पहिल्या घासाला तुपातून हिंग्वाष्टक हे हिंग घातलेले चूर्ण घेत होते, आणि गहू सोडल्यावरही त्रास का थांबत नाही हे कोणालाच कळत नव्हते.

वैद्य कृष्णाकाठ:
ही माहिती मोलाची आहे. चूर्णात कोणता हिंग वापरला आहे, हे वैद्याने सांगितलेच पाहिजे. यापुढे मीही ते रुग्णांना आपणहून सांगेन.

अबोली:
दोघांचेही आभार. पुड्या मी आईच्या हातून घेऊन कपाटात ठेवल्या आहेत. आधी ती रागावली होती, परंतु शिशाविषयीचा मजकूर तिला वाचून दाखवल्यावर गप्प झाली. संप्रेरकांच्या आणि टीटीजीच्या चाचणीसाठी सोमवारी सकाळी रक्त देणार आहोत, तोपर्यंत पोळी चालू आहे. आमच्या हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूर आज प्रथमच वाचला. घटकांत पहिलेच नाव गव्हाच्या पिठाचे आहे.