मर्यादेत मद्यपान की संपूर्ण वर्ज्य? विश्वासणाऱ्याने काय करावे?

प्रश्न
माझे माहेर कॅथलिक आणि सासर मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे आहे. माहेरी सणाच्या जेवणात वाइनचा पेला कोणालाच खटकत नाही. सासरी मात्र बाटली घरात आणणेदेखील पाप मानतात. काना येथील लग्नात येशूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, हे तर दोन्ही घरांत वाचले जाते. मग मर्यादेत पिणे हे खरोखर पाप आहे, की हा केवळ मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, परंपरेचा प्रश्न आहे?

उत्तर १
ताई, शास्त्रात निषेध आहे तो झिंगण्याचा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मद्याने मस्त होऊ नका असे बजावणारा प्रेषित पौलच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि १०४ वे स्तोत्र त्याला मन आनंदित करणारे देवाचे दान म्हणते. बायबलमधला द्राक्षारस हा न आंबलेला रस होता, असे काही जण सांगतात. परंतु करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळीच काही जण झिंगलेले असत, या पौलाच्या तक्रारीपुढे तो युक्तिवाद टिकत नाही.

उत्तर २
वरील वचने मला मान्य आहेत, तरीही मी स्वतः मद्याला शिवत नाही. आपल्या सासरची भूमिका हा निव्वळ हट्ट नव्हे. १७४३ साली मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी आपल्या अनुयायांसाठी जे नियम घातले, त्यांत कडक दारूची खरेदी-विक्री आणि निकडीच्या गरजेवाचून तिचे सेवन वर्ज्य होते, कारण दारूने संसार धुळीला मिळताना ते पाहत होते. पुढे १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरसाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात तापवून रस आंबणे थांबवले, ते प्रभुभोजनासाठीच. आमच्या मंडळीत दारू सोडलेले एक बंधू होते. प्याला ओठांपर्यंत नेताना त्यांचा हात थरथरे आणि ते तो न पिताच शेजाऱ्याकडे देत. त्यांच्यासाठी आम्ही सर्वांच्याच प्याल्यात साधा रस ठेवू लागलो आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही. आपल्या भावाला ठेच लागत असेल तर द्राक्षारस न पिणेच बरे, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातले वचन मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले.

उत्तर ३
त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारस पीत नसे, येशू पीत असे. लोकांनी नावे दोघांनाही ठेवली. म्हणून वर्ज्य करणे हे प्रेमापोटी स्वीकारलेले व्रत असू द्यावे, तारणाची अट नव्हे. ताई, सासरी त्यांचा नियम मनापासून पाळा, आणि माहेरच्यांना पापी म्हटले गेले, तर काना येथील लग्नाची आठवण शांतपणे करून द्या. मात्र त्या जेवणाला व्यसनातून सावरणारे कोणी असेल, तर माहेरीही त्या दिवशी बाटली उघडू नये, एवढे आपणच सांगावे.