अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक: खरंच गरज असते का?

पाऊलवाट: मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईचा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला आणि घरातले सगळे म्हणतायत, "आता चांगले जीवाणू परत यायला प्रोबायोटिक दे." मला पटत नाही. आतड्यात शेकडो जाती असतात, मोजक्या जातींच्या कॅप्सूलने ती वस्ती कशी भरून निघणार? कुणी मूळ संशोधन वाचलंय का?

सूक्ष्मदर्शी: शंका रास्त आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा २०१८चा अभ्यास जरूर वाच. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती सावरायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला! ज्यांना औषधाआधी साठवलेली स्वतःचीच विष्ठा परत दिली, ते काही दिवसांत सावरले. प्रयोगात माणसं थोडी होती, तरी मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

रानवारा: एक बाजू राहतेय. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही प्रोबायोटिक्सनी कमी होतात, याचे बरेच पुरावे आहेत. जुलाब टाळणं वेगळं, वस्ती सावरणं वेगळं. आणि प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

पाऊलवाट: आईला जुलाब नाहीत. मग आहाराने काही होतं का?

सूक्ष्मदर्शी: स्टॅनफर्डचा २०२१चा प्रयोग बघ. ३६ निरोगी प्रौढ, १० आठवडे. दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात जीवाणूंची विविधता वाढली, दाहाशी संबंधित १९ प्रथिनं घटली. तंतुमय आहाराच्या गटात विविधता तशी वाढली नाही. मात्र ही माणसं अँटिबायोटिकमधून उठलेली नव्हती, त्यामुळे आईला जसंच्या तसं लावू नकोस.