मदत हवी आहे: कॉलेजच्या कोचला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय!

एडिसनची_आई: लेकीला एका कॉलेजच्या कोचचा फोन आला. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, जागा देतो म्हणाला, शुक्रवारपर्यंत काय ते कळवा. स्कॉलरशिपचा विषयच काढला नाही! लेक लाजाळू, ती काही विचारेना. टाइम ५६.४ आहे, अजून उतरेल. हो म्हणून टाकावं की आधी पैशांचं बोलावं? नवरा घरभर "फुकट शिकणार" म्हणत फिरतोय. लवकर सांगा प्लीज.

कट्टेकरी: खेळ कोणता? ४०० मीटर धावणं?

एडिसनची_आई: स्विमिंग हो. १०० बटरफ्लाय.

डॅलसकर: यार्ड की मीटर? पॅरिस ऑलिंपिकला मीटरात ब्राँझ ५६.२१ ला गेलं. तसं असेल तर कोचच येऊन तुमच्या ओसरीवर बसेल :)

एडिसनची_आई: यार्डच. हायस्कूलला यार्डच असतात ना! मुद्द्याचं बोला.

डॅलसकर: मुद्दा हा की कॉलेज-खेळांच्या तीन गटांपैकी हे कॉलेज कशात, डिव्हिजन १, २ की ३? ३ असेल तर खेळासाठी एक डॉलर मिळत नाही, नियमच आहे. हार्वर्ड, येल वगैरे आयव्हीवाले डिव्हिजन १ असूनही देत नाहीत.

शिकागो_काकू: सरसकट घाबरवू नका. माझ्या भाचीला डिव्हिजन ३ मध्येच निम्मी फी माफ झाली.

डॅलसकर: ती मार्कांवर झाली, पोहण्यावर नाही.

शिकागो_काकू: पैसे ते पैसे.

सिंहगडरोड: त्यापेक्षा पुण्याला परत या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे.

कट्टेकरी: काका, धागा अमेरिकेचा आहे.

सिंहगडरोड: माहितीसाठी सांगितलं.

तलवारबाज_बाबा: स्विमिंगला गर्दी फार. २०२५ च्या हाऊस सेटलमेंटनंतर (कॉलेज खेळाडूंच्या पैशांच्या खटल्यातली तडजोड) डिव्हिजन १ च्या मोठ्या कॉलेजांत रोस्टरवरही मर्यादा आल्या. फेन्सिंगला घाला.

शिकागो_काकू: आता? सीनियर इयरच्या, म्हणजे बारावीच्या तोंडावर?

एडिसनची_आई: कॉलेज डिव्हिजन ३ निघालं. नवऱ्याला कोण सांगणार!

डॅलसकर: रोस्टरवरची जागा म्हणजे अ‍ॅडमिशन नव्हे. ट्रान्सक्रिप्ट देऊन अ‍ॅडमिशन ऑफिसकडून प्री-रीड, म्हणजे अर्जाआधीच शक्यता तपासून, मिळेल का, हे कोचला विचारा. फायनान्शियल एडचा अंदाजही मागा. 'हो' म्हणजे बहुधा अर्ली डिसिजनने अर्ज करणं, आणि तो बांधून घालतो: प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. ग्रीन कार्ड आहे ना?

एडिसनची_आई: नाही, एच-४, वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाला मिळतो तो व्हिसा. त्याचा इथे काय संबंध?

डॅलसकर: अहो, खरी गोम तिथेच आहे! एच-४ ला फेडरल मदत नाही. कॉलेज पदरचे पैसे देतं का, तुम्हाला इंटरनॅशनलमध्ये धरतं का, ते लेखी घ्या. डिव्हिजन १ आणि २ च्या खेळाच्या स्कॉलरशिपला नागरिकत्वाची अट नसते. तिथल्या कोचना मेल केल्यात?

एडिसनची_आई: ते आपणहून फोन करतात ना?

शिकागो_काकू: अगं नाही! टाइम, मार्क, रेसचा व्हिडिओ असं सगळं घालून मुलीने मेल करायची असते. शुक्रवारसाठी मुदत मागून घे, मिळते.

एडिसनची_आई: ती लिहीपर्यंत दिवाळी येईल. मीच बसते लिहायला.

डॅलसकर: नका! आईची मेल कोचला पहिल्या ओळीत कळते.